शीतलच्या नावापुढचा नंबर

जालना, ५ जानेवारी २०२५

दैवशाला,

फोनच केला असता. पण तुला फोन कानाला लावला की नीट ऐकू येत नाही, म्हणून तुझा हरिओम फोन धरून उभा, स्पीकर चालू, आणि आतून सूनबाई विचारणार, ‘काय म्हणतात मावशी?’ त्यापेक्षा हे बरं. बोर्डिंगात सिस्टर आपल्याला रविवारी दुपारी घरी पत्रं लिहायला बसवायच्या, ती सवय मला अजून आहे. आजही रविवार आहे, दुपार आहे, आणि बाकावर शेजारी बसून माझ्या पत्रातलं वाक्य चोरणारी तू मात्र नाहीस.

तुझी नात मजेत आहे, हे आधी सांगते. शीतल रोज सकाळी वसतिगृहातून वर्गाकडे जाताना माझ्या ऑफिसच्या खिडकीशी थांबते. ‘मावशीआजी, चहा झाला का?’ एवढंच विचारते आणि जाते. चालताना तुझ्यासारखीच मान थोडी डावीकडे कलते तिची. आठवी अर्धी टाकून लग्नासाठी निघालीस, तेव्हा फाटकातून अशीच मान कलवून मागे बघत गेली होतीस.

माझं नवीन म्हणजे, निवृत्तीला सहा महिने उरले असताना माझ्या गळ्यात एक काम पडलं आहे. आमच्या कॉलेजच्या भिंतीला लागून मोसंबीचं शीतगृह, त्यापलीकडे लोखंडाचे कारखाने, आणि आत आम्ही अडीच हजार माणसं. म्हणून गेल्या महिन्यात धोक्याची सूचना देणारी यंत्रणा बसवली. गच्चीवर मोठा भोंगा आणि माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात सगळ्यांचे फोन नंबर. आग लागली, गॅस फुटला, काही झालं, तर मी कळ दाबायची. भोंगा वाजतो आणि त्याच वेळी अडीच हजार फोनांवर मेसेज जातो, की काय झालं आहे आणि काय करायचं. कळ माझ्याकडेच का, तर प्राचार्य म्हणाले, ‘विमलताई, तुम्ही जागेवरून कधी उठतच नाही.’ एकतीस वर्षांच्या नोकरीचं हे कौतुक!

नंबर मीच भरले. प्रवेश-अर्जावर होता तोच भरला. वसतिगृहातल्या तीनशे बारा मुलींच्या अर्जांवर जवळजवळ सगळीकडे वडिलांचा नंबर आहे. मुलीच्या अर्जावर बापाचाच नंबर लिहायचा असतो, यात विचारण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही आणि मलाही नाही. शीतलच्या नावापुढे हरिओमचा आहे. तिच्याकडे तर फोनच नाही. ती त्याची अटच होती.

यंत्रणा शिकवायला पुण्याहून अपूर्व नावाचे इंजिनिअर आले होते. मी त्यांना विचारलं, ‘भोंगा ऐकून माणसाला कसं कळणार, पळायचं की थांबायचं?’

‘मॅडम, भोंगा एवढंच सांगतो की फोन बघा.’

‘आणि ज्याच्याकडे फोन नाही, त्यानं?’

ते हसले. ‘आता कुणाकडे नसतो?’

येत्या शुक्रवारी पहिला सराव आहे. गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
विमल


वाटूर, १६ जानेवारी २०२५

विमल,

तुझं पत्र शनिवारी आलं. सराव शुक्रवारीच होऊन गेल्ता. पत्र दोन दिवस आधी आलं असतं तर इकडचा तमाशा टळला असता.

ऐक. शुक्रवारी अकराच्या सुमाराला हरिओम चौकातल्या हॉटेलात बसलेला. फोन वाजला. ‘आग. इमारत ताबडतोब सोडा. मैदानावर जमा.’ खाली तुम्ही लिहिलं होतं म्हणे, हा सराव आहे म्हणून. पण तेवढं खाली कोण वाचतंय? पोरीच्या कॉलेजचं नाव आणि आग, एवढं त्याला दिसलं. अर्धा चहा टाकून उठला. अण्णासाहेब, म्हणजे माझे धाकटे दीर, शेजारीच बसलेले, तेही गाडीत. वाटेत मंठ्याकडचे आणखी दोन बाप मोटारसायकलवर भेटले, तोंडं उतरलेली, तेही मागं. पन्नास किलोमीटर कसे गेले देवालाच ठाऊक.

तिथं पोचले तर पोरी मैदानात ओळीनं उभ्या आणि खिदळून राह्यल्या. वसतिगृहाच्या बाईंनी चहा विचारला. हरिओमच्या डोळ्यांत पाणी आल्तं, ते अण्णासाहेबांनी पाहिलं. तिथंच खरा घोटाळा झाला. आल्यापासून ते चौकात सांगत सुटलेत, ‘आमचा हरिओम रडत गेल्ता अन् चहा पिऊन आला.’ आता कुणीबी हाक मारतं, ‘काय हरिओमशेठ, आज कुठं आग?’

रात्री जेवताना त्यानं ताट सरकवलं. म्हणाला, ‘माय, मी त्या पोरीपायी जिवाचं पाणी केलं अन् गाव हसून राह्यलं. अजून एक बारी असा मेसेज आला ना, मी तिला घेऊनच येणार. बास झालं शिक्षण.’

अण्णासाहेब लगेच म्हणाले, ‘मी तर पहिल्यापासून सांगून राह्यलो.’

विमल, तुला माहीत आहे शीतल तिथवर कशी पोचली ते. दोन महिने मी या घरात मुक्यानं भांडले. तिला अजून दोन वर्षं काढायची आहेत. तुमचे सराव तर दर महिन्याला होणार म्हणे. दर महिन्याला हा माणूस असा भाजून निघणार, आणि एक दिवस पोरीला उचलून आणणार. त्याला निमित्त लागतं, बस.

तुझ्याच हातात आहे. ते मशीन तुझ्यापाशी आहे. हरिओमचा नंबर तेवढा काढून टाक. त्याला काही कळायची गरज न्हाई. कुणाचं काय बिघडतं? पोरगी तर तुझ्या डोळ्यांसमोर आहे.

सोबत तिळगूळ पाठवलाय, फुटला असंल तर चमच्यानं खा.

दैवशाला


जालना, २२ जानेवारी २०२५

दैवशाला,

तिळगुळाची पूड झाली होती. दुधात घालून खाल्ली.

तुझं पत्र तीन दिवस उशाखाली ठेवलं. तू सांगतेस ते नियमात बसत नाही. यादीतला नंबर बदलायचा तर पालकाची सही लागते, आणि हा नियम मीच टाईप केलेला आहे. पण सरावाच्या दिवशी हरिओमला मी खिडकीतून पाहिलं होतं. गाडीचं दार उघडं टाकून तो मैदानाकडे धावत होता, पायात एकच चप्पल. शीतलला पाहिल्यावर त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग एकदम रागावून काहीतरी बोलला. ती तिथेच खाली मान घालून उभी राहिली. सरावात तिचा मजला सगळ्यांत आधी मैदानावर आला होता म्हणून प्राचार्यांनी तिचं नाव घेतलं होतं. ते त्याला कुणी सांगितलंच नाही.

काल दुपारी मी शीतलच्या नावापुढून हरिओमचा नंबर काढला. रकाना रिकामा ठेवता येत नाही, म्हणून माझा घातला. तिचा मेसेज आता माझ्या फोनवर येईल. आला तर मी स्वतः जाऊन तिला सांगेन. वसतिगृह माझ्या ऑफिसपासून चारशे पावलांवर आहे. पुढचा सराव तीस तारखेला आहे.

हे आपल्या दोघींत राहू दे. शीतललाही सांगू नकोस.

विमल


वाटूर, १ फेब्रुवारी २०२५

विमल,

पत्र वाचून चुलीत घातलं.

घर शांत आहे. तू लिहिलेला सराव परवा झाला असंल, आणि इकडं पानबी हललं न्हाई. हरिओम म्हणाला, ‘बंद केलं वाटतं त्यांनी ते खूळ.’ मी भाजी चिरत राह्यले.

अजून एक सांगायचं होतं तुला, पण ते पत्रात नको. भेटल्यावर सांगीन.

तुझे उपकार कसे फेडू?

दैवशाला


जालना, १७ फेब्रुवारी २०२५

दैवशाला,

दवाखान्यात हरिओमच्या समोर मला बोलता आलं नाही. तूही आली नव्हतीस. सूनबाई म्हणाली, गुडघ्यामुळे तुला गाडीत बसवलं नाही. आता घडलं तसं लिहिते. तुला ते माझ्याकडूनच कळायला हवं.

बुधवारी, बारा तारखेला, दुपारी पावणेचारला फाटकावरून फोन आला की शीतगृहातून वाफ येते आहे आणि डोळे झोंबताहेत. तिथे थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. त्याचा नळ फुटला होता. प्राचार्य म्हणाले, ‘दाबा.’ मी गॅसचा मेसेज निवडला. ‘गॅसगळती. बाहेर पडू नका. दारं-खिडक्या बंद करा. ओला कपडा नाकाला लावा.’ मग कळ दाबली. भोंगा सुरू झाला.

माझा फोन वाजला. आणि लगेच पुन्हा वाजला.

तोच मेसेज दोनदा का आला, असं मला खरंच वाटलं, दैवशाला. सरावातही असाच दोनदा वाजला होता, तरी त्या घाईत यंत्र बिघडलं, असंच वाटलं. मग आठवलं की दुसरा शीतलचा आहे.

मी उठले तर प्राचार्यांनी मला खाली बसवलं. अग्निशमन दलाचे फोन, दवाखान्याचे फोन, सगळे माझ्याच टेबलावर येत होते. बाहेरचा वारा शीतगृहाकडून मैदानावर आणि मैदानावरून वसतिगृहाकडे वाहत होता. चारशे पावलं! मी वसतिगृहात फोन लावला तर तो सतत व्यस्त. का, ते नंतर कळलं. तीनशे बापांना मेसेज पोचला होता, आणि प्रत्येक जण शेतातून, अडत दुकानातून, एसटीतून फोन करत होता. काही वसतिगृहात, आणि बाकीचे थेट मुलींना. वडिलांचा नंबर अर्जापुरता असतो, गं. मुलींकडे स्वतःचे फोन असतात आणि घरच्यांना ते माहीत असतं. ‘बाहेर जाऊ नको, खिडकी लाव,’ असं तीनशे बापांनी तीनशे मुलींना सांगितलं. मी चुकीचे नंबर भरले होते, आणि त्या चुकीनेच त्या मुली वाचल्या.

शीतल त्या वेळी वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होती. तिने भोंगा ऐकला. आम्ही दोन्ही सराव आगीचेच घेतले होते. भोंगा म्हणजे मैदान, एवढंच मुलींना माहीत. ती जिना उतरताना दारं ठोठावत आली, ‘चला, मैदानावर चला.’ सहाजणी तिच्या मागे निघाल्या. त्यांना वाटेतच घरून फोन आले. त्या मागे पळाल्या आणि ओरडून तिलाही बोलावलं. तिने ऐकलं नाही, की तिला भोंग्यात ऐकू आलं नाही, कोण जाणे. ती ठरलेल्या खांबापाशी जाऊन उभी राहिली. मोजणी होईपर्यंत जागा सोडायची नाही, असा नियम आहे. मोजायला कुणी येणारच नव्हतं.

चौदा मिनिटं. ओला टॉवेल बांधून फाटकावरचे दोघे आत गेले तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती, तोंडावर ओढणी धरून.

एकोणीस जणांना त्रास झाला, त्यात शीतलला सर्वांत जास्त. डॉक्टर म्हणतात डोळे वाचले, छाती बरी व्हायला वेळ लागेल. तू हे सगळं हरिओमकडून ऐकलंच असशील. पण तो दवाखान्यात मला म्हणाला, ‘मावशी, मंठ्याच्या माणसाला मेसेज गेला, परतूरच्या गेला, मलाच कसा न्हाई गेला?’ मी म्हणाले, ‘बघते.’ सत्तावन्न वर्षांची बाई, आणि त्याच्या डोळ्यांत बघून खोटं बोलले.

चौकशी समिती नेमली आहे. गुरुवारी मला बोलावलं आहे. मी सांगणार आहे.

विमल


वाटूर, २२ फेब्रुवारी २०२५

विमल,

सांगू नको. तुझं पत्र आजच आलं, गुरुवार होऊन गेला; चौकशी पुढं ढकलली असू दे, देवा. शीतलला मंगळवारी घरी आणलं. आवाज बसलाय तिचा, म्हातारीसारखा येतो. उन्हाकडं पाहवत न्हाई. आतल्या खोलीत पडून असते, आणि भिंतीकडं तोंड करून पुस्तक उघडं ठेवते.

हरिओम तिच्याजवळ जात न्हाई. दारातून विचारतो, ‘जेवली का?’ आणि जातो. अण्णासाहेब रोज येऊन बसतात. ‘आता तरी ऐका माझं. पोरीची जात, घरी बरी.’ हरिओम हो म्हणत न्हाई, न्हाई म्हणत न्हाई. पण काल त्यानं वसतिगृहातून तिची पेटी आणवली. त्यातून काय समजायचं ते समज.

आता तुला ते सांगते जे भेटल्यावर सांगणार होते. तू बस आधी.

शीतलपाशी फोन होता. मीच दिला होता, पहिल्या दिवशी. राजूरच्या माऊलीनं, माझ्या भावानं, राखीला मला दिलेला बटणांचा फोन. घरात मी सांगितलं, विहिरीत पडला. हरिओमनं गळ टाकून दोन तास शोधला, मी काठावर उभी राहून पाहत होते. रिचार्ज माऊली करतो. पोरगी दर गुरुवारी, हरिओम बाजारला गेला की, मला सूनबाईच्या फोनवर मिस कॉल देते. तेवढंच. आहे, एवढं कळायला.

तुला का न्हाई सांगितलं? तू नियमाची. तू म्हणाली असतीस, हरिओमला शब्द दिलाय. मी म्हटलं, जेवढ्या कमी तोंडांत तेवढं बरं. तुला नंबर सांगितला असता तर तू तोच मशीनमध्ये घातला असतास, विमल. तुझा न्हाई. आणि माझी पोरगी खिडकी लावून आत बसली असती.

दहा दिवस झाले, मला घास उतरत न्हाई.

पण तू समितीत बोललीस तर हरिओम इथं खोदत येणार. कुणी काढायला सांगितलं, का सांगितलं. मंग फोन निघणार. मंग शीतल परत जाणं कायमचं संपलं. तुझ्या पाया पडते. गप राहा.

दैवशाला


जालना, १ मार्च २०२५

दैवशाला,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी त्याच्या आधीच्या गुरुवारी, वीस तारखेला, बोलून मोकळी झाले होते.

एका विद्यार्थिनीच्या नावापुढचा नंबर मी पालकाच्या सहीशिवाय बदलला, असं लेखी दिलं. का, असं विचारलं. ‘सरावाच्या मेसेजनं घरात त्रास होत होता, म्हणून दयेपोटी,’ म्हणाले. कुणी सांगितलं होतं का? ‘नाही.’ तुझं नाव घेतलेलं नाही आणि घेणार नाही. दुसऱ्या दिवसापासून निलंबित आहे. फाटकाच्या आत यायला मनाई आहे. टेबलाच्या खणात माझा डबा राहिला, तो शिपायाने आणून दिला. आमची आई म्हणायची, नोकरीत माणूस शेवटच्या वर्षी घसरतो. मला वाटायचं, ती जिन्याबद्दल बोलते आहे.

फोनचं वाचलं. मी तुला काही म्हणणार नाही. तू मला सांगितलं असतंस तर मी नक्की हरिओमला कळवलं असतं, हे तू बरोबर ओळखलंस, आणि मला त्याचीच लाज वाटली.

परवा गुरुवारी हरिओमचा फोन आला होता. समितीचं पत्र त्याला मिळालं आहे. ‘तुम्हाला मावशी म्हणत होतो,’ एवढं तीनदा म्हणाला. नंतर ओरडला. पोलिसांत तक्रार देणार आहे, कागद तयार आहे म्हणाला. देऊ दे. त्याला तो हक्क आहे. बापाला कळू दिलं नाही, हे मी केलंच आहे.

तू मात्र तोंड उघडू नकोस. माझं जे व्हायचं ते सहा महिन्यांनी होणारच होतं. शीतलचं तसं नाही. तक्रार झाली की राग माझ्यावर निघेल आणि तो निवळेल. निवळला की जूनमध्ये पुन्हा विषय काढ, कुणाच्या तरी तोंडून, हळूच. फोन चुलीत घाल. एवढं माझं ऐक.

विमल


वाटूर, ७ मार्च २०२५

विमल,

न्हाई ऐकलं.

तुझं पत्र काल आलं. आज सकाळी हरिओम ओसरीवर चहा पीत होता, खिशातला तक्रारीचा कागद मांडीवर. अण्णासाहेब समोर बसून सांगत होते कोणत्या हवालदाराला भेटायचं. मी उंबऱ्यावर बसले आणि म्हटलं, ‘त्यात माझं नाव वर लिही.’

‘कशात?’

‘तक्रारीत. विमलला मी सांगितलं नंबर काढायला. पत्र लिहून सांगितलं. ती न्हाई म्हणत होती.’

अण्णासाहेब म्हणाले, ‘वैनी, काय बोलून राह्यल्या?’

मी म्हटलं, ‘भावजी, तुम्ही घरी जा. तुमचं चौकात काम असंल.’ चाळीस वर्षांत त्यांना असं बोलले नव्हते. ते गेले, चप्पल आपटत.

मंग सगळं सांगितलं. विहिरीचं, माऊलीचं, गुरुवारच्या मिस कॉलचं. का केलं, तेही सांगितलं. ‘तुला मेसेज आला की तू पोरीला आणशील, म्हणून तुझ्यापासून मेसेज लपवला. तुला फोन कळला की तू पोरीला आणशील, म्हणून फोन लपवला. घरात धोक्याची गोष्ट एकच होती हरिओम, तुला कळणं.’ सूनबाई चुलीपाशी रडत होती. तिलाबी सगळं माहीत होतं. एकट्या त्यालाच न्हाई.

त्यानं उरलेला चहा अंगणात ओतला. मला वाटलं आता उठंल, आत जाईल, फोन हिसकावंल.

म्हणाला, ‘नंबर काय?’

मी सांगितला. पाठ आहे मला. त्यानं स्वतःच्या फोनात एकेक आकडा दाबला आणि लावला.

आत वाजला. पेटीतून, गोधडीतून, कुठून वाजला काय माहीत. भिंत मधी, बापलेकीत आठ हातांचं अंतर. किती वेळ वाजत राह्यला. पोरीनं स्क्रीनवर बापाचं नाव पाहिलं असंल. मंग थांबला. तिनं उचलला.

‘हं, बाबा.’

ती कुजबुजली होती, पण हरिओमचा स्पीकर चालू. तो बसका आवाज ओसरीभर झाला.

‘त्या दिवशी हा फोन तुझ्यापाशी होता?’

‘होता.’

‘कुठं?’

‘हातात.’

‘मंग मला का न्हाई लावला?’

ती खोकली. भिंतीतून एकदा आणि फोनातून एकदा, असा दोनदा ऐकू आला खोकला.

‘लावला होता. तीनदा लावला. वाजायच्या आत कट केला.’

‘का पण?’

‘तुम्ही इचारलं असतं, फोन कुणाचा म्हणून.’

विमल, मी माझ्या लेकाचं तोंड त्याच्या बापाच्या तिरडीपाशी पाहिलंय. तेव्हाबी असं झालं नव्हतं. फोन कानापाशी धरलेला, स्पीकर चालू असून. दोघांनीबी ठेवला न्हाई. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज आत फोनात गेला आणि तिथून परत आला.

मंग म्हणाला, ‘शीतल.’

‘हं.’

‘पुढच्या बारीला कट करू नको. वाजू दे.’

त्यानं फोन ठेवला आणि उठून मागच्या दारानं शेताकडं गेला. दुपारपर्यंत आला न्हाई. आल्यावर जेवला. जेवताना सूनबाईला म्हणाला, डॉक्टरनं सोमवारी दाखवायला सांगितलंय ना, मंग तसंच पुढं कॉलेजात सोडू.

तक्रारीचा कागद त्यानं फाडला न्हाई. तुला खोटं का सांगू? घडी घालून परत खिशात ठेवला. मी विचारलं तर म्हणाला, ‘मावशीचं काय करायचं ते मावशीच्या तोंडावर बोलीन.’ बोलंल. चार शब्द वाईट बोलंल, ऐकून घे, उलट बोलू नको. माझ्याशी तर अजून बोलत न्हाई. पाणी मागायचं तर सूनबाईला हाक मारतो.

हे पत्र माऊलीच्या हाती पाठवते, पोस्टानं वेळेत पोचायचं न्हाई. सोमवारी दहाच्या आत येऊ. तुला आत घेत न्हाईत ना, तर फाटकाच्या बाहेर उभी राहा, रस्त्याच्या अंगाला, गाडीतून दिसशील अशी. मीबी येणार आहे, गुडघा गेला खड्ड्यात.

शीतल पेटी भरून राह्यलीय.

दैवशाला